धुराड्यातून सुरू झालेला धंदा

आमच्या फर्मची सुरुवात धुराडी झाडण्यापासून झाली. ब्रश, दांडे, काजळी ओढणारा व्हॅक्यूम आणि एक टेम्पो, एवढंच भांडवल. ज्यांच्याकडे झाडायला जायचो त्यांची तक्रार एकच: फायरप्लेस पेटवली की समोर बसलेल्याचे पाय शेकतात, बाकी खोली गारच. उघड्या आगीची बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जाते. खोलीला मिळते जेमतेम 10 ते 20 टक्के. लाकूड जाळायचा चांगला बंदिस्त स्टोव्ह, म्हणजे स्वतःचं काचेचं दार लावून पेटवायची शेगडी, हेच प्रमाण 70 ते 80 टक्क्यांवर नेतो. "मग तुम्हीच का बसवून देत नाही?" असं गिऱ्हाईक विचारू लागलं, आणि आम्ही या कामात उतरलो.

पहिला प्रश्न आजही तोच येतो, एकूण खर्च किती? फोनवर आम्ही आकडा सांगत नाही. काही जण रागावतात, दुसरीकडे जातात. जाऊ देतो. स्टोव्हची किंमत कॅटलॉगमध्ये छापलेली असते, पण धुराड्याच्या आत काय वाढून ठेवलंय ते झाडून, कॅमेरा सोडून, धुराची चाचणी घेतल्यावरच कळतं.

जुनं धुराडं उघड्या आगीसाठी बांधलेलं, म्हणून ऐसपैस. स्टोव्हचा धूर मुळात कमी आणि थंड. रुंद पोकळीत तो आणखी निवतो, त्याची वर जायची ओढ मंदावते आणि भिंतींवर डांबरासारखा क्रिओसोटचा थर धरतो. पुढे हाच थर पेट घेतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचा लवचिक लाइनर, म्हणजे धूर वाहून नेणारी आतली नळी, वरपासून खालपर्यंत सोडायचा, साधारण 125 किंवा 150 मिलिमीटर व्यासाचा. नुसतं लाकूड जाळणार असाल तर स्टीलचा 316 ग्रेड पुरतो. कोळशाच्या जातीचं इंधनही जाळायचं असेल तर 904 घ्या. महाग पडतो, पण गंजाला जास्त टिकतो. लाइनर मीटरवर मिळतो, त्यामुळे घर जितकं उंच तितकं बिल मोठं. शिवाय छपरावर सुरक्षित काम करायचं तर परांची लागते. तिचं भाडं ऐकून माणसं दचकतात, पण तिथे आम्ही घासाघीस ऐकून घेत नाही. वर आमचीच पोरं उभी असतात.

लाइनर उतरवणं हे माझं अजूनही आवडतं काम. खालच्या टोकाला शंकूसारखी टोपी, तिला दोर बांधलेला. लाइनरवर छापलेला बाण वरच्या दिशेला आहे ना, हे दोघांनी तपासायचं. मग वरचा माणूस सोडत जातो, खालचा बेताने ओढतो. धुराड्याला वाकण असेल तर तिथे अडतं. कधी भिंत फोडून वाट करून द्यावी लागते, आणि गवंड्याची मजुरी वाढते. म्हणूनच आमच्या अंदाजपत्रकाचे दोन भाग असतात: नक्की लागणारा खर्च, आणि धुराडं उघडल्यावर लागू शकेल असा. दुसऱ्या भागातलं काहीही गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय, त्याच्या होकाराशिवाय करायचं नाही, हा आमचा सुरुवातीपासूनचा शिरस्ता.

लाइनरभोवती धुराड्याचा गळा बंद करणारा पत्रा, खाली न जळणारी फरशी, वर टोपी, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हे सगळं धरावंच लागतं.

पैसे वाचवायची खरी जागा मात्र स्टोव्हचा आकार. खोलीचे घनमीटर भागिले 14, म्हणजे ढोबळमानाने लागणारे किलोवॅट. 5 मीटर लांब, 4 रुंद, अडीच उंच खोलीला साडेतीन-चार किलोवॅट पुरतात. तरी लोक आठचा मागतात. मग उकडतं म्हणून हवा कोंडून जाळतात, आणि काच काळी पडते, लाइनरमध्ये क्रिओसोट साचतं. असं काम आम्ही सरळ नाकारतो.

काम सोपवताना पहिली आग आम्ही घरच्यांच्या हातून पेटवून घेतो आणि ओल मोजायचं छोटं यंत्र त्यांना देतो. नुकतं फोडलेलं लाकूड आतल्या बाजूला 20 टक्क्यांच्या वर ओल दाखवत असेल, तर ते आणखी वाळू द्यायचं. वर्षातून एकदा धुराडं झाडायला आम्ही येतोच.