नाक्यावरचा बांबू

फेब्रुवारी २०१३. गडचिरोली जिल्ह्यातला आमचा वनोपज तपासणी नाका, रात्रपाळी, आणि मी एकटा वनरक्षक. आठच्या सुमारास बांबूने भरलेला ट्रक आला. मी अडसर खाली घेतला. (अडसरही बांबूचाच. तेव्हा त्यातली गंमत लक्षात आली नाही.)

"टीपी दाखव."

ड्रायव्हरने वाहतूक परवाना दिला. अनुक्रमांक, नग, ट्रकचा नंबर, कुठून कुठे, सगळं जागच्या जागी. फक्त सहीच्या जागी आमच्या खात्यातलं कोणीच नव्हतं. तिथे ग्रामसभेचा गोल शिक्का होता, जांभळ्या शाईतला, जरा तिरका.

आम्ही शिकलो तो १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्याच्या कलम २ मध्ये तेव्हा, २०१७ च्या दुरुस्तीआधी, बांबू म्हणजे झाड. राखीव वनातून झाड तोडून नेणारा सापडला की माल आणि गाडी जप्त करायची, हे हाताला इतकं सवयीचं की मी गुन्ह्याचं पुस्तक काढून तारीखही टाकली. वरिष्ठांना फोन लावला. "ठेव तिथेच, सकाळी बघू," म्हणाले. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला.

सकाळी सातला मोटारसायकलवरून एक म्हातारे काका आणि विशीतली एक पोरगी आली. काका नमस्कार करून म्हणाले, "काहून अडवला जी आमचा माल?"

पोरीने प्लास्टिकच्या फाईलमधून एकेक कागद टेबलावर ठेवला. सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र. कक्ष क्रमांक टाकलेला नकाशा. मग २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्याही कलम २ मध्ये बांबूचं नाव आहे, पण गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या मालात. शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये दुरुस्त झालेले नियम. गौण वनोपजाचा वाहतूक परवाना आता ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देणार. तिने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती.

एकाच मानवेलाला, म्हणजे आमच्याकडच्या बांबूला, एक कायदा तेव्हा झाड म्हणत होता, दुसरा गौण वनोपज, आणि दोन्ही केंद्राचेच. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचं मला ठाऊक होतं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन तिथल्या ग्रामसभेला परवाना पुस्तक देऊन गेले, तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली होती. पण ते मेंढ्याचं, अशी माझी समजूत. आमच्या नाक्यावर ते कधी येईल असं वाटलं नव्हतं, आणि आम्हाला कोणी नीट सांगितलंही नव्हतं.

तरी मी ट्रकवर चढलो. खात्याचा माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही, बुडखा पाहतो. पहिल्या पेराच्या जरा वर, स्वच्छ कोयत्याचा घाव. एकही कोवळा, यंदाचा बांबू नाही. अंगावर पांढरी भुकटी आणि कोषाची साल असलेला एकसुद्धा सापडला नाही. कंत्राटदाराची तोड मी बरीच पाहिली आहे. तिच्यात रांजीच्या रांजी, म्हणजे बांबूची अख्खी बेटं, बुडापासून साफ झालेल्या असत. हे तोडणाऱ्यांना पुढच्या वर्षी त्याच रांजीकडे यायचं होतं, हे उघड दिसत होतं.

जंगलाचा मालक शासनच. राखीव वन ते राखीवच, तिथे उद्या कोणी शेत काढलं तर मी गुन्हा नोंदवणारच. काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आमीच तुमाले फोन करू ना जी."

साडेनऊला वरून होकार आला. मी अडसर वर केला. काकांनी चिडून नाही, पण सरळ विचारलं, "रातभर गाडी उभी रायली, त्याचं भाडं कोन देनार?"

मी काही बोललो नाही. रजिस्टर ओढलं. 'परवाना देणारा अधिकारी' हा रकाना बोटभर रुंद, आरएफओचं (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं) आद्याक्षर मावेल एवढाच. त्यात 'ग्रामसभा' लिहिताना शेवटचा 'भा' रेघेबाहेर, दंडाच्या रकान्यात गेला.