नकारपत्रात न लिहिलेलं कारण

नौपाड्यातल्या एका जोडप्याला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला. मुलगा तिथला पीआर, म्हणजे कायम रहिवासी, सुनेचं बाळंतपण तोंडावर आलेलं. कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम बघणाऱ्या परवानाधारक सल्लागाराच्या ठाण्यातल्या ऑफिसात मी फायली लावते. नकारपत्रं नेहमीच हातात येतात, पण ही फाईल अजून डोक्यातून जात नाही.

पत्रात ठरलेली वाक्यं होती. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतल्या 179(ब) नुसार मुक्काम संपल्यावर तुम्ही परत जाल अशी खात्री पटत नाही. कारणं म्हणून कौटुंबिक संबंध, भेटीचा उद्देश, आर्थिक स्थिती. यावरून नेमकं काय खटकलं ते कळत नाही. पहिला अर्ज भरणाऱ्या एजंटनं सांगितलं, "बॅलन्स वाढवा, परत टाका." अशा सल्ल्यानं फी बुडते आणि रेकॉर्डवर दुसरा नकार चढतो.

अधिकाऱ्यानं काय विचार केला ते त्याच्या नोंदीत असतं. जुलै 2025 च्या अखेरीपासून ही नोंद काही नकारपत्रांसोबत येऊ लागली. ही केस त्याआधीची. मुलानं कॅनडातून तिथल्या माहिती अधिकाराखाली 5 डॉलर भरून, आईवडिलांच्या सहीचा संमतीचा फॉर्म आयएमएम 5744 जोडून ती मागवली. कायद्यानं उत्तराची मुदत 30 दिवस, प्रत्यक्षात कधी जास्तही लागतात. इकडे कॅनडाच्या फेडरल कोर्टाची मुदत सरत होती. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला आव्हान द्यायचं तर निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत परवानगीचा अर्ज करावा लागतो. फेरविचाराची विनंती पाठवली म्हणून ही मुदत थांबत नाही. लोक त्या विनंतीच्या उत्तराची वाट बघत बसतात आणि कोर्टाची वाट बंद होते.

नोंद आली. खात्यात मोठी एकरकमी जमा, स्रोत स्पष्ट नाही. पासपोर्टवरचा पत्ता वेगळा, सध्या भाड्याचं घर.

ठाण्यातल्या कोणालाही हे वाचून लगेच उलगडेल: इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली. जमा रक्कम कॉर्पसची, म्हणजे रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर सभासदांना देतो त्या एकरकमी पैशांची, घोडबंदरचं घर बिल्डरच्या भाड्यावर. म्हणजे परत येण्याचं सगळ्यात भक्कम कारण, नौपाड्यातला हक्काचा नवा फ्लॅट, अर्जात कुठेच नव्हतं. एजंटनं नुसतं बँक स्टेटमेंट जोडलं होतं.

कोर्ट की नवा अर्ज? कोर्टात भरायची फी 50 डॉलरच, पण तिथे आमच्या सल्लागाराला उभं राहता येत नाही, वकील लागतो आणि खर्च हजारांत जातो. कोर्ट स्वतः व्हिसा देत नाही. निर्णय अवाजवी ठरला तर फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. शिवाय अधिकाऱ्यासमोर जे कागद होते त्यावरच बघितलं जातं, नवे कागद सहसा चालत नाहीत. आमचा मुख्य कागद तर त्याच्यासमोर नव्हताच. म्हणून नवा अर्ज.

बिल्डरसोबतचं नोंदणीकृत ॲग्रीमेंट, त्या नोंदणीचा सरकारी उतारा म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीचं पत्र, महारेराचा नोंदणी क्रमांक, जागेचा भाडेकरार हे सगळं गोळा केलं. इंडेक्स टू मराठीत; त्याचं भाषांतर अर्जदार, नातेवाईक किंवा प्रतिनिधीनं केलेलं चालत नाही, म्हणून बाहेरचा भाषांतरकार आणि नोटरीसमोर त्याचं प्रतिज्ञापत्र. स्टेटमेंटवर कॉर्पसची जमा आणि ॲग्रीमेंटमधलं त्याच रकमेचं कलम, दोन्हींवर खूण करून स्पष्टीकरणाच्या पत्रात पान क्रमांक दिले. पोर्टलवर एका फाईलला 4 एमबीची मर्यादा असते, ॲग्रीमेंट जाडजूड. ते पूर्ण टाकायचा हट्ट सोडून पहिलं पान, फ्लॅटचं वर्णन, कॉर्पस-भाड्याची कलमं, सह्यांची आणि नोंदणीच्या शिक्क्याची पानं घेतली. बोटांचे ठसे 10 वर्षं चालतात, ते पुन्हा द्यावे लागले नाहीत.

आधी नकार मिळाला आहे का, या प्रश्नाला "हो" लिहून तपशील दिला. एजंट इथे "नाही" लिही म्हणाला होता. खोटी माहिती पकडली गेली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली 5 वर्षांची बंदी येते. दुसऱ्याच्या आयुष्याशी इतक्या बेफिकिरीनं खेळणाऱ्या माणसाचं दुकान चालतं, याची मला चीड येते.

व्हिसा आला, बाळंतपण उलटून गेल्यावर.

मला अजून पटत नाही ते असं. पहिल्या स्टेटमेंटमध्येही दरमहा भाड्याची तीच रक्कम, त्याच बिल्डरच्या नावानं जमा होत होती. कॉर्पसही त्याच नावानं. समजावून सांगायची जबाबदारी अर्जदाराची, हे आमच्या सल्लागारांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. पण पैसे कुठून आले ते नाव त्याच पानावर छापलेलं असताना "स्रोत स्पष्ट नाही" ही नोंद कोर्टात टिकली असती का? मला वाटतं, निदान एखाद्या वकिलाला तरी ती दाखवायला हवी होती.