यंदाचा आवडता सिनेमा कोणता? तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर लागला की हा प्रश्न सुरू होतो. लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत. "तू एवढे सिनेमे बघतेस, मग यंदाचा सगळ्यात आवडता कोणता?" मी "यंदाचा म्हणजे नक्की कुठला?" असं उलट विचारलं की समोरच्याचा चेहरा पडतो. हिला साधं एक नाव सांगायला काय होतं! काही होत नाही. 2025 सालासाठी माझं उत्तर 'स्थळ' आहे. पण हे उत्तर कसं ठरलं, हे लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'स्थळ' म्हटल्याबरोबर आमचा भाचा उखडला. "मावशी, तो 2023चा आहे!" खरं आहे. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा 2023च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कारही मिळाला. पण आपल्याकडे थिएटरला लागला 7 मार्च 2025ला. मधली दीड वर्षं तो तुमच्या-माझ्यासाठी फक्त बातमीत होता. जो सिनेमा बघायची सोयच नव्हती, तो मी 2023च्या यादीत कसा घालणार?

हा घोळ नवा नाही. 'कोर्ट'च घ्या. व्हेनिसच्या महोत्सवात गाजला 2014च्या सप्टेंबरात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते 2014 सालासाठी, पण जाहीर झालं 2015च्या मार्चमध्ये. थिएटरला लागला 17 एप्रिल 2015ला, आणि भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करला गेला त्यानंतर. राष्ट्रीय पुरस्कारवाले सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची तारीख धरतात, ऑस्करवाले थिएटरातल्या प्रदर्शनाची, महोत्सववाले पहिल्या खेळाची. प्रत्येकाची खातेवही वेगळी. आणखी मागे जायचं तर प्रभातचा 'संत तुकाराम' 1936चा म्हणून नोंदलेला आहे. तो लागलाच मुळी डिसेंबरात. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 57 आठवडे चालला, व्हेनिसला वाखाणला गेला तो 1937 साली. त्या वर्षी एखाद्या मुंबईकराला यंदाचा आवडता बोलपट विचारला असता तर त्याने 'तुकाराम'च सांगितला असता, आणि त्याला कुणी तारीख काढून दाखवली नसती.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. ज्या वर्षी मी तो पाहिला, त्या वर्षाचा तो.

हा हिशोब आमच्या कंपूलाही मान्य आहे. कंपू म्हणजे पूर्वी कधीतरी पुण्यात फिल्म अ‍ॅप्रिसिएशनच्या उन्हाळी कोर्सला एकत्र आलेली माणसं. त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, एक दातांची डॉक्टर, एक आयटीवाला, आणि लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालयात काही लागलं की हातातलं काम टाकून पळणारा एक सद्गृहस्थ. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, मिसळ खायची आणि प्रत्येकाने आपला एकच सिनेमा सांगायचा. दोन सांगितलेले चालत नाहीत. "याच्याइतकाच तोही" हे तर अजिबात नाही. गोष्ट सांगायची नाही, दिग्दर्शकाची मुलाखत वाचून आलेलं ज्ञान पाजळायचं नाही. एक प्रसंग सांगायचा, तोही असा की न पाहिलेल्याला दिसला पाहिजे. हे संग्रहालयवाले सद्गृहस्थ एकदा यंदाचा सिनेमा म्हणून 'श्यामची आई' घेऊन आले. 1953चा! आक्षेप घेण्यात आला. पण त्यांनी तो मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा त्याच वर्षी पाहिला होता, त्यामुळे नियमानुसार मंजूर करावा लागला.

प्रसंग सांगायची अट दिसते तेवढी सोपी नाही. गाजलेल्या कितीतरी सिनेमांच्या बाबतीत लोक "काय घेतलाय!" याच्या पुढे जात नाहीत. उलट 'कोर्ट'च्या वर्षी आमच्या दंतवैद्य बाईंनी सांगितलेला प्रसंग मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतो. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं एकेक करून निघून जातात, दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा. थिएटरात लोक उठायला लागतात, चपला शोधतात. सिनेमा संपलेलाच नसतो. पुढे तेच न्यायाधीश सहलीला गेलेले, बाकावर डुलक्या घेणारे. पोरं ओरडून त्यांना दचकवतात आणि ते हाताला लागेल त्या पोराच्या कानाखाली देतात. बाई म्हणाल्या, "आपण उठून उभे होतो ना, तेव्हाच ती मारली." यावर मिसळ थंड होईपर्यंत वाद झाला.

आता 'स्थळ'. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडणारी गोष्ट, पडद्यावर बरीचशी तिथलीच माणसं. सविताला पाहायला लोक येतात आणि तिला पसंत करत नाहीत, एवढंच कथानक. सुरुवातीला मुलगा बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत असं स्वप्न आहे. आमच्या शोला लोक त्यावर खळखळून हसले. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. अंगणात पुरुषांची रांग, नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पाहुणे जातात. पुढचे येतात, तेच प्रश्न. दुसऱ्या वेळीही थोडं हसू होतं. त्यानंतर हॉलमध्ये कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या, त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. दिग्दर्शकाने कॅमेऱ्याची कसरत केलेली नाही, रडवायला पार्श्वसंगीत पेरलेलं नाही. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा मांडलाय, आणि प्रत्येक वेळी बाहेर कापसाला भाव नाही ही गोष्ट बापाच्या चेहऱ्यावर थोडी जास्त दिसते. मुलगी सावळी आहे, हुशार आहे, शिकायचंय तिला. हे आपण शंभरदा वाचलेलं असतं. रांगेतल्या पुरुषांच्या बाजूने नाही, तर तिच्या बाजूने बसून ते प्रश्न ऐकायला लागले, तेव्हा मला जागा अडचणीची वाटायला लागली.

यंदा स्पर्धा होती ती 'साबर बोंडं'शी. रोहन कानवडे यांचा सिनेमा, 2025च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला आणि सप्टेंबरात इथे लागला. वडील गेल्यावर गावी दहा दिवस काढायला आलेला तिशीतला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र. आयटीवाल्याने तोच निवडला. त्याचं म्हणणं, सुतकाच्या घरात 'लग्नाचं बघा आता' म्हणणारे नातेवाईक इतके अचूक त्याने पडद्यावर कधी पाहिले नव्हते. मला पटतं ते. सिनेमा म्हणून कदाचित तोच अधिक घट्ट विणलेला आहे. पण उत्तम कोणता ते ठरवायला परीक्षक मंडळं बसलेली आहेत, त्यांना मानधनही मिळतं. मला विचारलेला प्रश्न आवडीचा आहे.

आवड ठरायला वेळ लागतो, ही यातली खरी अडचण. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक 1952पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारतं. 2022 साली पहिला आला शांताल अकरमन यांचा 'जान दिलमान', जो 1975चा आहे. जाणकारांना सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि आम्ही रविवारच्या एका सकाळीत निकाल लावतो! त्यात डिसेंबरात विचारलं की लोकांना दिवाळीनंतरचेच सिनेमे आठवतात. पुण्यात तर पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत असतो. म्हणजे वर्षातले निवडक जागतिक सिनेमे आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच ढीगभर बघून मोकळे होतो आणि वर्षअखेरीला त्यातला इराणचा कोणता नि जॉर्जियाचा कोणता हे सांगता येत नाही. म्हणून मी वहीत प्रत्येक सिनेमाची एक ओळ लिहिते. तारे-बिरे देत नाही. डिसेंबरात वही उघडायची आणि ज्यांची ओळ वाचायची गरज पडत नाही, त्यांच्यातून निवडायचा.

मात्र या सगळ्या थाटामाटाच्या आधी निम्मी निवड झालेली असते, आणि ती आम्ही केलेली नसते. माझ्या घराजवळच्या मल्टिप्लेक्समध्ये 'स्थळ'चा एकच खेळ होता, सकाळी साडेनऊचा, कामाच्या दिवशी. 2015च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळात दाखवायची सक्ती केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मग प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा ताणण्यात आला. 'कोर्ट' लागला तो नेमका त्याच महिन्यात. इतक्या वर्षांनी साडेनऊच्या खेळाला रजा टाकून जाताना मला त्या गदारोळाची आठवण येते. मराठवाड्यातल्या माझ्या मामेबहिणीच्या तालुक्याला तर थिएटरच उरलेलं नाही. ती माझ्यापेक्षा बारकाईने सिनेमा बघते, पण तिची यादी मोबाइलवर जे येईल त्यातून होते, तीही सहा महिने उशिरा. आमच्या कंपूची यादी म्हणजे पुण्यात राहणाऱ्या, रजा मिळणाऱ्या चार-पाच माणसांची यादी आहे. कुणी ती फॉरवर्ड करताना 'मराठीतले यंदाचे सर्वोत्तम सिनेमे' असं शीर्षक लावतं तेव्हा मला चिडायला होतं.

आणि खरं सांगू का, विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना माझी आवड जाणून घ्यायचीच नसते. "रविवारी सासूबाई, नवरा आणि दहावीतला मुलगा सगळ्यांना चालेल असं काय आहे?" हा असतो मूळ प्रश्न. तो तसाच विचारलात तर बरं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'स्थळ' नसेल. तरी सासूबाईंना एकदा विचारून बघा, त्यांना बघायला किती जण आले होते ते. मग ठरवा.