अष्टमीच्या चंद्राला विचार

१९९१ साली मी नववीत होतो. सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, ‘चंद्राच्या कला का दिसतात?’ मी ठामपणे लिहिलं, ‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून.’ विज्ञानाच्या बाईंनी उत्तरावर फुली मारली नाही. समासात लाल शाईने एवढंच लिहिलं होतं : ‘अष्टमीच्या चंद्राला विचार.’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा सगळ्यात आधी ही लाल ओळच डोळ्यांपुढे आली.

शुद्ध अष्टमीला बाईंनी शेवटच्या तासाला अख्खा वर्ग मैदानावर नेला. चार वाजले असतील. ऊन होतं, आणि त्या उन्हातच अर्धा चंद्र पांढुरका होऊन वर आलेला होता. चंद्र दिवसाही दिसतो हेच आमच्यातल्या कित्येकांना माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, “एक हात सूर्याकडे करा, दुसरा चंद्राकडे.” सगळ्यांच्या हातांचा काटकोन झाला. “आता आपापली सावली बघा. कुठे पडली आहे?” सावल्या सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, पूर्वेकडे लांबल्या होत्या. “पृथ्वीची सावलीही तिकडेच जाणार. मग ती वळण घेऊन चंद्रापर्यंत कशी पोचेल?” माझं उत्तर चुकलंय हे मला कुणी सांगावं लागलं नाही. चंद्राची उजळलेली बाजू नेमकी सूर्याच्या बाजूची होती, तेही तेव्हाच दिसलं.

याच काटकोनावरून अॅरिस्टार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सूर्याचं अंतर काढायचा प्रयत्न केला होता, हे मी पुढे वाचलं. त्याने तो कोन ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या सुमारे १९ पट दूर आहे असं ठरवलं. प्रत्यक्षात तो कोन ९० अंशांना जेमतेम ९ कला (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी, आणि सूर्य सुमारे ३९० पट दूर. रीत अगदी बरोबर होती, फक्त डोळ्याला एवढा बारीक फरक मोजणं शक्य नव्हतं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेतल्या. मधोमध एक बल्ब आणि प्रत्येकाच्या हातात एक चेंडू. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरायचा आणि आपण जागेवर हळूहळू गिरकी घ्यायची. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो, त्यातला आपल्याला किती दिसतो तेवढं बदलत जातं : कोर, अर्धा, बल्बकडे पाठ झाली की पूर्ण. मग बाईंनी चेंडू डोळ्यांसमोर सरळ धरायला सांगितला. आता पाठ झाली की डोक्याची सावली चेंडूवर पडायची, आणि तोंड बल्बकडे आलं की चेंडू बल्बला झाकायचा. चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण. सावलीची कड चेंडूवर वाकडी पडते, अष्टमीच्या चंद्राची कड सरळ असते, हा फरक बाईंनी दोनदा करून दाखवला.

माझ्या बाकावरच्या मित्राने विचारलं, “बाई, मग दर महिन्याला दोन ग्रहणं का होत नाहीत?” बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उत्तरच दिलं नाही. “दोन दिवस सगळ्यांनी विचार करा,” म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या भरतकामाच्या दोन लाकडी रिंगा घेऊन आल्या, एकीत एक बसणाऱ्या. आतली रिंग किंचित कलती केली. दोन्ही फक्त दोन ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या. हेच ते पातबिंदू, ज्यांना आपले ज्योतिर्विद राहू आणि केतू म्हणतात. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ घडली तरच तिघे एका रेषेत येतात. एरवी चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. ५ अंश म्हणजे काहीच नाही, असं आम्हाला वाटलं. मग फळ्यावर गणित झालं. ३,८४,००० किलोमीटरवर ५ अंश म्हणजे जवळजवळ ३४,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली जेमतेम ९,००० किलोमीटर रुंद उरते. एवढ्याशा सावलीत चंद्र कधीमधी सापडतो, याचंच मला त्या दिवसापासून आश्चर्य वाटू लागलं.

त्या हिवाळ्यात आम्ही चंद्राची वही ठेवली. रोज तारीख, वेळ, चित्र, जवळचा एखादा ठळक तारा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि २७ दिवसांनी त्याच ताऱ्यापाशी येऊनही पुन्हा पूर्ण व्हायला आणखी दोन दिवस घेतो, कारण तेवढ्यात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. हे पुस्तकातही होतं. वहीत ते आमच्या अक्षरात होतं.

पण वहीचा खरा उपयोग पुढेच झाला. बाईंनी कुठूनसा एका बंदराचा त्याच महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळवला. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बाईंनी काहीही न सांगता तक्ता वहीशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, “काय दिसतं?” पहिल्यांदा दिसलं ते ५० मिनिटांचं. एकामागची एक भरती १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे दोन भरत्या मिळून २४ तास ५० मिनिटं. समुद्र घड्याळापेक्षा चंद्राचं जास्त ऐकत होता! मग उंचीचे आकडे पाहिले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सर्वांत मोठे, ती उधाणाची भरती, आणि दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास सर्वांत लहान, ती भांगाची. उधाणाला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, भांगाला काटकोनात. मैदानावर हातांनी केलेला तो काटकोन समुद्राच्या आकड्यांत पुन्हा भेटला, तेव्हा मी अक्षरशः बाकावरून उठलो होतो. सर्वांत मोठा आकडा पौर्णिमेच्या दिवशी नव्हता, त्यानंतर दीड-दोन दिवसांनी होता. पाण्याला खंडांतून वाट काढत सरकायला वेळ लागतो, असं बाईंनी सांगितलं. किनाऱ्याचा आकारही हिशेबात येतो : कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं आणि भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी ते जाणवतही नाही.

एक कोडं मात्र मला छळत होतं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास १८० पट जोराने ओढतो, मग भरतीत चंद्राचा वाटा दुपटीहून जास्त कसा? बाईंनी आम्हा तिघांना रांगेत उभं केलं. पुढच्याने चार पावलं टाकायची, मधल्याने तीन, मागच्याने दोन. मधल्याच्या नजरेने पाहिलं तर पुढचा पुढे गेला आणि मागचा मागे पडला. म्हणून फुगवटे दोन, एक चंद्राच्या बाजूला आणि एक पलीकडे. भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्र जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या त्याच्याकडच्या बाजूवरची त्याची ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षा ३ टक्क्यांहून थोडी जास्त असते. सूर्याच्या बाबतीत हा फरक एका टक्क्याचा शंभरावा भागही नाही. इथे गॅलिलिओसुद्धा चुकला. चंद्रामुळे भरती येते हे त्याने १६३२ सालच्या ग्रंथातही मानलं नाही. न्यूटनने १६८७ मध्ये कारण मांडलं. ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या सहामाहीच्या उत्तराची लाज कायमची गेली.

वहीच्या पहिल्या पानावर एक तारीख आहे. ११ जुलै १९९१ ला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, हवाई बेटं आणि मेक्सिकोवरून, खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. बाईंनी सांगितलं होतं की साधारण तसंच ग्रहण १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस आणि ८ तासांनी पुन्हा येतं. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून ते पश्चिमेला सरकलेल्या भागात दिसतं. या चक्राला सारोस म्हणतात. आम्ही बेरीज करून खाली लिहिलं : २२ जुलै २००९.

त्या सकाळी मी खग्रास पट्ट्यात जाऊन उभा होतो. आकाश ढगांनी भरलेलं. सूर्य दिसलाच नाही. पण ठरल्या मिनिटाला पश्चिमेकडून अंधार आला, पाखरं गप्प झाली, आणि काही मिनिटांनी उजेड परतला. वही पिशवीत होती. घरी आल्यावर त्या तारखेपुढे बरोबरची खूण केली आणि खाली नवी बेरीज मांडली : २ ऑगस्ट २०२७.