भीतीला मुद्दाम बोलावलं तो दिवस

ते माझ्याकडे थेरपीसाठी पहिल्यांदा आले तेव्हा हातात जाड फाईल होती. ईसीजी, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉईड, सगळं नॉर्मल. पण ठणठणीत हृदयाच्या या चाळिशीतल्या माणसाने लिफ्ट सोडली होती, गाडी चालवणं सोडलं होतं, आणि मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची मिळाली नाही तर ते आतच जात नसत. खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली. आणि त्यांचा सगळ्यात मोठा भरवसा म्हणजे दीर्घ श्वसन.

"मॅडम, धडधड सुरू झाली की मी लगेच आकडे मोजत श्वास घेतो. म्हणून तर आजवर वाचलोय."

आजार टिकून होता तो इथेच. दीर्घ श्वसन वाईट नाही. पण प्रत्येक पॅनिक अटॅकनंतर, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यानंतर, त्यांचं मन एकच निष्कर्ष काढत होतं: मरण समोर होतं, श्वासाने वाचवलं. गोळी तर खिशातून बाहेरही आलेली नसायची, तरी श्रेय तिलाही मिळायचं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं दुष्टचक्र मांडलं. छातीत जरा धडधडतं, मन त्याचा अर्थ 'गेलो मी' असा लावतं, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड. हे चक्र पूर्ण फिरलं तरी काही होत नाही, हे कळायची संधी त्यांच्या बचावाच्या उपायांनी त्यांना कधी दिलीच नव्हती.

मग तो दिवस ठरला. एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा आणि नेमकी तीच लक्षणं अंगात आणायची. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हा व्यायाम सरसकट देत नाहीत, म्हणून त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घेतलं होतं. बाटली त्यांनी स्वतःच टेबलाच्या पलीकडे ठेवली. काय होईल असं वाटतं, ते कागदावर लिहिलं: 'चक्कर येऊन पडेन. खात्री ९० टक्के.'

आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली. पेशंटला करायला सांगते ते मी सोबत करतेच. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. एरवी थांबल्यावर हे हळूहळू ओसरतं. त्यांचं ओसरलं नाही. खराखुरा पॅनिक अटॅक आला.

"हाच तो मॅडम, हाच!" चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. ओठ हलायला लागले. ते श्वास मोजत होते.

"मोजू नका," मी म्हणाले.

तळमळणाऱ्या माणसाचा आधार काढून घेताना माझा जीव आजही कळवळतो. पण त्या क्षणी दिलासा दिला असता तर वाचवणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव गेलं असतं.

"मग काय करू?"

"काहीच नको. काय होतंय तेवढं सांगत राहा."

ते सांगत राहिले. गळा आवळतोय. पाय कापतायत. आता पडणार. मी त्यांना उभं राहायला सांगितलं. माणूस बेशुद्ध पडतो ते सहसा रक्तदाब खाली गेल्यावर, पॅनिकमध्ये तो बहुधा वर जातो. खुर्चीचा आधार सोडून ते उभे राहिले. आणि मी न सुचवताच, रडत, चिडून म्हणाले, "ये. अजून ये. पाड मला!"

भीती शिगेला गेली आणि काही मिनिटांत उतरली. त्यांना हायसं वाटेल असं कुणालाही वाटलं असतं, पण ते गोंधळले होते. "मी तर काहीच केलं नाही. मग थांबलं कसं?"

या प्रश्नासाठी मी हे काम करते. उत्तर न देता मी पेन पुढे केलं. त्यांनी लिहिलं: 'पडलो नाही. भीती होती, तरी उभा होतो.' थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "परत करूया?"

घरचे मायेने म्हणतात, 'शांत हो, शांत हो.' त्यातून माणसाला ऐकू येतं की अशांत होणं धोक्याचं आहे. मला पेशंटची भीती शून्यावर आणायची नसते. तिने वर्तवलेलं भाकीत पुन्हा पुन्हा खोटं ठरताना त्याने स्वतः पाहावं, एवढंच हवं असतं.

पुढे ते बाटलीशिवाय लिफ्टमध्ये शिरले. मधल्याच मजल्यावर झटका आला, तरी वरपर्यंत गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. नंतर एका जागरणानंतर मोठा झटका आला तेव्हा त्यांचा फोन आला. "मॅडम, परत आला."

"मग?"

"हिशेब टाईप करत होतो. करत राहिलो."

गाडीचं अजून बाकी आहे. पुढच्या आठवड्यात ते एकटेच गाडी काढणार आहेत. डॉक्टरांची हरकत नाही, म्हणून ती खिशातली गोळी घरी ठेवावी असं मी म्हणते. ते म्हणतात, निदान पहिल्या वेळी तरी असू दे.