इस्तंबूलमध्ये वरून उतरा, खालून चढू नका

‘इस्तंबूल हे पायी फिरायचं शहर आहे’ असं जायच्या आधी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते खरंच वाटायला लागलं होतं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही हातात सामान घेऊन गालाताचा चढ चढलेला नसणार. सात टेकड्यांचं शहर म्हणून सगळे कौतुकाने सांगतात, पण त्या टेकड्या तुमच्या वाटेत येतात हे कोणी सांगत नाही.

आमचं हॉटेल गालाता मनोऱ्याजवळ होतं. हॉटेलवाल्याचा निरोप आला: ट्रामने काराक्यॉयला उतरा, तिथून चालत सात मिनिटं. नकाशावर जेमतेम अर्धा किलोमीटर दिसतं. नकाशात अंतर कळतं, चढ कळत नाही. काराक्यॉय पाण्याला लागून आहे आणि मनोरा टेकडीवर. मधली गल्ली म्हणजे कुठे उंचसखल दगडी फरसबंदी, कुठे चक्क पायऱ्या, आणि समोरून उतरणाऱ्या पर्यटकांची गर्दी. नवऱ्याच्या बॅगेचं एक चाक पहिल्या वळणावरच निखळलं. पर्वती न थांबता चढणारी माणसं आहोत आम्ही, पण पर्वतीवर कोणी २३ किलोची बॅग नेत नाही. सात मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

अर्ध्यावर टॅक्सीला हात केला. एकाने पत्ता बघून नुसती मान हलवली आणि निघून गेला. दुसऱ्याने मीटर बंद आहे सांगून २५ युरो मागितले. एवढ्या अंतराला! चाललो.

खरी वाट अशी आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिलाय. नव्या विमानतळावरून एम-११ मेट्रो शेवटच्या स्टेशनपर्यंत, म्हणजे गायरेत्तेपेपर्यंत घ्या. तिथे एम-२ ला जोडणारा लांबलचक भुयारी रस्ता आहे, तो सपाट आहे, घाबरू नका. एम-२ येनिकापीच्या दिशेने घ्यायची आणि चौथ्या स्टेशनवर, शिशानेला उतरायचं. तुनेल चौकाकडे निघणारं दार शोधा, सरकते जिने वर आणून सोडतात. आता तुम्ही टेकडीच्या माथ्यावर आहात आणि मनोरा तुमच्या खाली आहे. वाद्यांच्या दुकानांची गालिप देदे गल्ली उतरत जायचं, बस. हॉटेलवाल्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

परत जाताना हाच उतार चढ होतो. तेव्हा उलट करा: सामान घेऊन खाली काराक्यॉयला उतरा आणि तिथून तुनेल घ्या. १८७५ सालची ही भुयारी रेल्वे, लंडननंतरची जगातली सगळ्यात जुनी, पाऊण किलोमीटरसुद्धा लांब नाही. दीड-दोन मिनिटांत वर शिशानेच्या दाराशी सोडते. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हा चढ नको होता म्हणून तर ती बांधली! रात्री उशिरा उतरणार असाल तर मेट्रो मिळणार नाही, विमानतळावरून तकसीमची बस घ्या. तकसीमही वरच आहे.

एकदा हे डोक्यात बसलं की अख्खं शहर सोपं होतं. सुलेमानिये मशीद बघायला एमिनोन्यूहून चढू नका. एम-२ ने व्हेझ्नेजिलरला उतरा, तिथून साधारण सपाट रस्ता आहे. ऑटोमन काळातला वास्तुकार मिमार सिनान याने १५५७ मध्ये पूर्ण केलेली ही मशीद, फुकट, आणि मागच्या अंगणातून खाडी (गोल्डन हॉर्न) आणि बॉस्फरस दोन्ही दिसतात. मग उझुनचार्शी गल्लीने उतरत या, तांब्या-पितळेची आणि लाकडी सामानाची दुकानं लागतात, आणि खाली पोचलात की रुस्तेम पाशा मशीद. दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहे, दार शोधावं लागतं, आत भिंतभर इझनिकच्या निळ्या फरशा. माझ्या मते सुलतानअहमेतच्या मोठ्या मशिदीपेक्षा (ब्लू मॉस्क) सरस, आणि रांग नाही.

बालातच्या रंगीत घरांचंही तेच. फोटोत गोड दिसणाऱ्या त्या गल्ल्या भिंतीसारख्या उभ्या आहेत. एमिनोन्यूहून एदिर्नेकापीची बस घ्या, थिओडोसियसच्या जुन्या तटापाशी उतरा, कारिये हे जुनं चर्च, आताची मशीद, बघा (परदेशी माणसाला २० युरो, पण १४व्या शतकातली ती मोझेइकं पाहिल्यावर कुरकुर केली नाही) आणि मग बालात उतरत खाडीपर्यंत. परतीला खाडीकाठची टी-५ ट्राम एमिनोन्यूला आणते.

आता आया सोफिया, पूर्वीचं चर्च आणि आताची मशीद. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला २५ युरोचं तिकीट आहे आणि त्यात फक्त वरची गॅलरी मिळते. खालचा मजला नमाजासाठी राखीव. ज्यांनी २०२३ पर्यंत पाहिली त्यांना हे माहीत नाही, त्यामुळे ‘फुकट आहे, आरामात जा’ हा सल्ला अजून फिरतोय. शिवाय घुमटाच्या दुरुस्तीचं काम निघालंय, आम्ही गेलो तेव्हा मधोमध परांची उभी होती. म्युझियम पास इथे चालत नाही, येरेबातान या भूमिगत हौदालाही चालत नाही. दोघांचे ५० युरो गेले. ५३७ सालची इमारत, जगात तिच्यासारखी दुसरी नाही, तरी बाहेर पडताना आम्ही दोघंही गप्प होतो. पहिल्यांदाच जात असाल तर बघाच, पण अपेक्षा अर्धी करून जा. येरेबातान मात्र डोळे झाकून. ३३६ खांब, पाण्यातलं प्रतिबिंब, ग्रीक पुराणातल्या मेदुसाचं उलटं मुंडकं. बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा. गालाता मनोऱ्यावर पैसे घालवू नका. सुलेमानियेच्या अंगणातून तेवढंच दिसतं, आणि मनोराही त्यात दिसतो.

तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, मोठा बाजार (ग्रँड बझार) रविवारी बंद. बाजार बंद असला तर हळहळू नका. गालिचे घ्यायचे नसतील तर तासाभरात कंटाळा येतो.

टॅक्सीबद्दल आणखी एक. एका संध्याकाळी पाऊस होता म्हणून घेतली, मीटर चालू होता, सगळं नीट. उतरताना नवऱ्याने २०० लिराची नोट दिली, ड्रायव्हर वळला आणि हातात २० ची नोट दाखवत म्हणाला, ही काय दिलीत? नवरा बिचारा पाकीट चाचपायला लागला. मी नोट देताना पाहिली होती. तिथेच बसून राहिले, उतरलेच नाही. शेवटी पायाखाली २०० ची नोट ‘सापडली’. २०० ही त्यांची सगळ्यात मोठी नोट, तेव्हा देताना मोठ्याने ‘दोनशे’ म्हणा, इंग्रजीत म्हणा, मराठीत म्हणा, पण त्याने ऐकलं पाहिजे. शक्यतो टॅक्सी नकोच. इस्तंबूलकार्ट हे प्रवासाचं कार्ड घ्या, मेट्रो, ट्राम, तुनेल आणि बोटी सगळीकडे चालतं. रस्त्यात कोणाचा बूटपॉलिशचा ब्रश तुमच्यासमोर पडला तर उचलून देऊ नका. तो मुद्दाम पडलेला असतो, आणि उपकार फेडायला म्हणून तो तुमचे बूट पॉलिश करतो आणि मग त्याचे पैसे मागतो.

लिरातले दर मी देत नाही. महागाई इतकी आहे की तुम्ही जाईपर्यंत ते खोटे ठरतील, आणि जुने आकडे बघून आमचं अख्खं बजेट फसलं. आपले रुपये तिथे बदलायला नेऊ नका, युरो न्या. विमानतळावर अगदी थोडे बदला, बाकी मोठ्या बाजाराच्या आसपास दर बरे मिळतात. एटीएमने रुपयांत हिशोब करू का असं विचारलं तर नाही म्हणा.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. मसुराचं सूप, मेनेमेन (टोमॅटोतली अंडी, अंडं खात असाल तर), चीज भरलेली ग्योझलेमे ही पातळ पोळी आणि सिमित, म्हणजे तीळ लावलेला गोल पाव. ‘एतसिझ’, म्हणजे बिनमांसाचं, एवढा एक शब्द पाठ करा. सुपात मांसाचं पाणी असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारा. दुकानात मिळणारं ची-क्योफ्ते नाव भयंकर (शब्दशः कच्च्या मांसाचे गोळे) असलं तरी बिनमांसाचं असतं, आणि तिखट लागतं.

आशियाई बाजूचं कादिक्यॉय, उस्कुदार, बॉस्फरसची बोट हे दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एजंटची ‘स्पेशल क्रूझ’ मात्र घेऊ नका. एमिनोन्यूहून उस्कुदारची साधी प्रवासी बोट तोच बॉस्फरस बसभाड्याच्या भावात दाखवते, वर चहाही मिळतो.

व्हिसाचं थोडक्यात: तुमच्याकडे शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा रहिवास परवाना असेल तरच भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. नसेल तर पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा, त्याला वेळ ठेवा. ई-व्हिसा फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, तसल्याच दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे उकळतात.

निघायच्या दिवशी शहरातच भरपेट जेवून घ्या आणि सिमित बांधून न्या. विमानतळावर खाण्याचे दर बघून भूक मरते. आणि आत चालणंही भरपूर आहे, पण निदान ते सपाट आहे.