बाईंनी न खोडलेले ‘मागले’

पाचवीच्या निबंधात मी लिहिले होते, ‘आजीने पाणी मागले.’ वही परत आली तेव्हा त्या शब्दाखाली लाल रेघ होती, पण काट नव्हती. बाईंनी फळ्याजवळ बोलावून लिहायला लावले : लागणे–लागले, वागणे–वागले, जागणे–जागले. “मग मागणे?” वर्ग ओरडला, “मागितले!” बाई म्हणाल्या, “याने नियम पाळलाय, शब्दाने पाळला नाही. असे आणखी शोधून आणा.”

मधल्या सुट्टीत डब्यापाशी ‘खाल्ले’ सापडले, नळावर ‘धुतले’ आणि ‘प्यालो’. सांगितले, बघितले, घेतले, घातले... आठवडाभर आम्हाला दुसरा खेळ सुचला नाही.

पुढे भाषाविज्ञान शिकायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलो, तेव्हा त्या खेळातल्या तुकड्यांची नावे कळली. आणखी फोडला तर अर्थ उरत नाही असा शब्दातला सर्वांत लहान अर्थपूर्ण तुकडा म्हणजे रूपिम. ‘बसला’मध्ये असे तीन : ‘बस’ ही क्रिया, ‘ल’ म्हणजे ती घडून गेली, ‘आ’ म्हणजे पुल्लिंगी एकवचन. मागितला, धुतला, खाल्ला यांत त्याच ‘ल’च्या जागी ‘इतल’, ‘तल’, ‘ल्ल’ येतात. अर्थ तोच, रूप वेगळे. ही रूपिकांतरे. कुठे कोणते येणार हे पुष्कळदा उच्चारावरून सांगता येते, पण इथे नाही. ‘लाग’ आणि ‘माग’ यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा! ते त्या त्या धातूबरोबरच शिकावे लागते. पाचवीतला मी नेमका तिथेच अडलो होतो.

मला सर्वांत मोह पडला तो ‘केला’चा. इथे प्रत्यय साधा ‘ल’च, बदलला आहे तो धातू. ‘कर’चा ‘के’ कसा झाला? संस्कृतातल्या ‘कृत’चे प्राकृतात ‘कअ’ झाले, त्याला ‘इल्ल’ जोडला गेला आणि ‘केला’ तयार झाला. ‘मृत’पासून ‘मेला’ आणि ‘गत’पासून ‘गेला’ याच वाटेने आले. म्हणजे आज अपवाद वाटणारी ही रूपे फार जुनी आहेत. रोज तोंडात असल्यामुळेच ती टिकली असावीत, असे मला वाटते.

सध्या माझी तीन वर्षांची नात ‘मी घर करलं’ म्हणते. घरातले तिला सुधारायला धावतात. मी त्यांना आधी धरलं, भरलं, चरलं म्हणून बघायला सांगतो.